बैल कुणी आणला

माझ्या वडिलांना काही हवंय, असं लहानपणी मी कधी पाहिलं नाही. ते एसटीत ड्रायव्हर होते. मुरबाडहून घाटाकडे जाणाऱ्या गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं चालवल्या, सुट्टी असली की शेतावर जात आणि घरी आले की ओसरीवर गप्प बसून राहत. आई विचारायची, "आज काय करू जेवायला?" ते म्हणत, "कायबी." दिवाळीला शर्टाचा रंग विचारला तर "कंचाबी." यात कुठे रुसवा किंवा उपकार केल्याचा भाव नसे. खरंच त्यांना फरक पडत नाही असंच आम्हांला वाटायचं.

मोठी झाल्यावर मी एकदा त्यांना विचारलं होतं की तुम्हांला ड्रायव्हरच व्हायचं होतं का. ते जरा गोंधळले. म्हणाले, "मामा एसटीत व्हता. त्यानं नेला मला." लग्नाचंही तसंच. आईला बघायला त्यांचे चुलते गेले आणि ठरवून आले. टोकावड्यापासून थोडं आत आमचं गाव आहे, तिथलं घरदेखील आजोबांनी जिथे बांधायला घेतलं होतं तिथेच पुरं केलं. हे सगळं त्यांनी नीट निभावलं. आईला कधी उलटं बोलले नाहीत, आम्हां दोघा भावंडांना शिकवलं. पण त्यातलं त्यांनी निवडलेलं काय, असं कुणी विचारलं असतं तर मला एक गोष्ट सांगता आली नसती.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहा बशीत सांडायचा, मग सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली, मग चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायला लागले. मी तेव्हा लग्न होऊन शहापूरला राहत होते, किन्हवलीच्या शाळेत शिकवत होते. धाकटा भाऊ आईबाबांजवळ होता, मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला. आम्ही दोघांनी मिळून त्यांना कल्याणला मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. कंपवात निघाला. बाईंनी गोळ्या सुरू केल्या, आणि दिवाळीच्या आधी एक गोळी वाढवली.

त्या गोळीनं जादू केली असंच आम्ही सगळ्यांना सांगत होतो. हात बराच थांबला. पावलं मोकळी पडायला लागली. बाबा स्वतःहून टोकावड्याच्या नाक्यापर्यंत जाऊन यायला लागले. येताना ते काहीतरी आणत. पहिल्यांदा कोंबडा आणला. घरात कोंबड्या होत्याच, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मग आणखी दोन कोंबडे आले. मग बॅटऱ्या यायला लागल्या, हातात धरायच्या, डोक्याला बांधायच्या, खिशात मावणाऱ्या. मी एका रविवारी गेले तर खिडकीत बॅटऱ्यांची रांग लागलेली. मी हसले. बाबाही हसले आणि एकेक पेटवून दाखवत म्हणाले, "ही बघ गो, ही पार वढ्याच्या पलीकडं मारतंय." इतकं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं होतं. मला बरं वाटलं. म्हातारपणी माणूस खुलला, असं मी नवऱ्याला घरी येऊन सांगितलं.

पौषात म्हसा गावात म्हशाची जत्रा भरते. आमच्या भागातली ही मोठी जत्रा, घोंगड्यांसाठी आणि बैलांसाठी माणसं लांबलांबून येतात. बाबा घरची मोटारसायकल शेजाऱ्याला चालवायला देऊन, त्याच्या मागे बसून जत्रेला गेले. मोटारसायकल बाबांच्या नावावर होती, पण एरवी चालवायचा भाऊ. तिच्यावरूनच तो कामाला जायचा. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. संध्याकाळी बाबा एका टेम्पोतून परत आले. टेम्पोत पांढरा, तरणा, शर्यतीचा खोंड होता. मोटारसायकल नव्हती.

आई सांगते, तिला आधी वाटलं कुणा दुसऱ्याचा बैल आहे आणि बाबा नुसते वाटेत उतरायला बसलेत. मग त्यांनी टेम्पोवाल्याच्या मदतीनं खोंड खाली घेतला, दावं स्वतःच्या हातात धरून अंगणात आणला आणि म्हणाले, "हा आपला."

भावानं विचारलं, "गाडी कुठंय?"

"दिली."

"दिली म्हंजे? मी उद्या कामाला कसा जाऊ?"

"एसटी हाय ना," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. त्यांना ते उत्तर पुरेसं वाटलं होतं.

आमच्या घरी त्याआधी कित्येक वर्षं बैल नव्हते. भातशेतीची चिखलणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं व्हायची. शर्यतीचा बैल तर आमच्या सात पिढ्यांत कुणी पाळला नव्हता. पण बाबा पहाटे उठून त्याला धुवायला लागले, पेंड चारायला लागले, गावातल्या पोरांना बोलावून त्याला पळवून बघायला लागले. एकदा दावं हातातून सोडलं नाही म्हणून ते स्वतःच बांधावरून फरफटत गेले. कोपर सोललं. आईनं हळद लावली तर म्हणतात, "काय ताकद हाय बघ त्याची."

भाऊ पहाटेची एसटी धरून कामाला जाऊ लागला. पाळी संपल्यावर परतीची गाडी मिळाली नाही की कुणाच्या तरी मागे बसून यायचा. त्याच्यासाठी तेव्हा मुली बघणं चालू होतं, आणि पाहुण्यांसमोर बाबा बैलाचीच गोष्ट काढत. त्याचं म्हणणं, बाबा हे मुद्दाम करतायत. "जन्मभर गप बसले ना, त्याचा सूड घेतायत आता," तो मला फोनवर म्हणाला. मी त्याला समजावत होते, पण बाबांना कसं समजावायचं ते मला कळत नव्हतं. थांबवायला गेलं की ते चिडायचे. माझे वडील चिडतात ही गोष्टच मला नवी होती.

शर्यतीला जोडी लागते. एकटा बैल काय करणार? तेव्हा बाबांना आता दुसरा खोंड हवा होता. आमच्या रस्त्याला जमिनीचे दलाल पुष्कळ आहेत, मुंबईच्या लोकांना बंगल्यासाठी जागा हव्या असतात. बाबांनी त्यातल्या एकाशी आमच्या शेतातली नदीकडची पट्टी विकायची बोलणी केली. टोकावड्याच्या ढाब्यावर भावाला हे कुणीतरी सांगितलं. तो तसाच घरी आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "येडे झालात तुमी. उद्या आईलाबी विकाल."

बाबांनी हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. मारला नाही, पण उगारला. आई मधे जाऊन उभी राहिली.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी किन्हवलीहूनच सरळगावची गाडी धरून माहेरी गेले. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बाबा गोठ्यात होते. मी ठरवलं की पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची तारीख आहे, त्याला आपण स्वतः जायचं. कशासाठी ते नीट ठाऊक नव्हतं. बाबांचं डोकं बिघडतंय की काय, एवढीच भीती मनात होती.

डॉक्टरबाईंनी हात बघितला, चालायला लावलं, छान आहे म्हणाल्या. मग मी चाचरत बैलाचं सांगितलं. बाई लिहायच्या थांबल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी साधेपणानं विचारलं, "बाबा, आणखी काही नवीन सुरू झालंय का? सारखी खरेदी, पत्ते, लॉटरी, खाणं? एखादी गोष्ट हवी वाटली की राहवतच नाही, असं?"

बाबा म्हणाले, "बॅटऱ्या घेतल्या थोड्या."

भाऊ दाराजवळ उभा होता. त्याच्याकडे मी बघितलं नाही.

बाईंनी समजावून सांगितलं. या आजारात मेंदूतला एक रस कमी होतो. त्यानं अंग आखडतं आणि मनही मंदावतं. गोळी त्या रसाचं काम करते. पण काही माणसांमध्ये ती हवंहवंसं वाटण्याची जागा जरुरीपेक्षा जास्त चेतवते. मग कुणी जुगार खेळतं, कुणी खरेदी करतं. माणूस वाईट नसतो, वेडाही नसतो. गोळी कमी केली की बहुतेकांचं थांबतं. "हे तुम्हांला सुरुवातीलाच नीट सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे बैल मला नको व्हता?"

"हवा होता. पण ते हवंसं वाटणं गोळीनं वाढवलेलं."

"आनि आधी मला कायच नको आसायचं, ते कशानं?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजार दिसायच्या पुष्कळ आधीपासून तो आत काम करत असतो. पण किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही. काही माणसं मुळातच शांत असतात."

"मंग बराबर किती, ते कोन ठरवनार?"

"आपण मिळून ठरवू. आत्ता कमी करू. मग बघू."

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले. भाऊ त्यांच्या शेजारी.  मुरबाडला भाऊ खाली उतरला, केळी घेऊन आला आणि एक सोलून बाबांच्या हातात दिलं. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्यानं मला नंतर सांगितलं. इतके दिवस राग कुणावर करायचा ते त्याला ठाऊक होतं. आता तो राग ठेवायला जागाच उरली नव्हती. "गोळीवर काय रागावू?" तो म्हणाला. "आनि मी बोललो ते तर राह्यलंच ना. त्याला कुठली गोळी व्हती?"

मी त्याला म्हटलं की पहाटे उठून एसटी धरणं, पाळी करणं, रात्री कुणाच्या तरी मागे लटकत येणं, हे महिनाभर केल्यावर कुणाच्याही तोंडून तसं आलं असतं. तो म्हणाला, "म्हंजे मीबी सुटलो का?" मला त्याला हो म्हणावंसं वाटलं आणि म्हणता आलं नाही. कारण तो सुटायला बघत नव्हता. त्याला बाबांची माफी मागायची होती, आणि मी त्याच्याकडून ती काढून घेत होते.

गोळी हळूहळू कमी झाली. तशी बाबांची खरेदी थांबली. दलालाला त्यांनी स्वतःच नाही सांगितलं. बॅटऱ्यांमधले सेल संपले तसे त्या तशाच पडून राहिल्या. हात पुन्हा थरथरायला लागला, पाय पुन्हा अडखळायला लागले, आणि बाबा पुन्हा ओसरीवर गप्प बसायला लागले. मला सुटल्यासारखं झालं. माझे वडील परत आले, असं मी आईला म्हटलं.

आम्ही दोघी परसात वालाच्या शेंगा सोलत होतो.  आई म्हणाली, "तुझा बाप आला आसंल. माझा नवरा मातर परत गेला."

मला समजलं नाही.

"आगो, लग्न झाल्यापासून मी विचारतंय, काय करू जेवायला. कायबी. या थंडीत पहिल्यांदा बोलला मला, बोंबलाचं कालवन कर, तिखट कर. रोज कायतरी सांगायचा. येक दिस मला म्हनतो, ह्या हिरव्या लुगड्यात तू बरी दिसतंस. ते गोळीनं म्हनला का त्यानं, मी नाय विचारलं."

ती हे रडून सांगत नव्हती. शेंगा सोलता सोलता, दाणे टोपलीत टाकत सांगत होती. पट्टी गेली असती तर तिचंही घर बुडालं असतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. गोळी कमी करू नका असं ती एकदाही म्हणाली नव्हती. पण जे कमी झालं ते नुसता आजारातला बिघाड होता, हे मानायला ती तयार नव्हती.  शाळेत मी मुलांना सांगते की माणसानं विचार करून निर्णय घ्यावा. पण कुठल्या रसानं भरलेल्या डोक्यानं विचार करावा, हे कुठल्या पाठात नाही.

राहिला बैल. त्याचं काय करायचं हा घरात रोजचा विषय झाला. भावानं गिऱ्हाईक शोधलं, शर्यतीचा नाद असलेला किन्हवलीकडचा एक माणूस. तो येऊन खोंड बघून गेला, त्याला तो पसंत पडला. सगळं ठरल्यातच जमा होतं. मी त्या रविवारी मुद्दाम गेले होते, बाबांना वाईट वाटेल तर जवळ असावं म्हणून.

भावानं ओसरीवर त्यांच्यासमोर बसून हळूच विषय काढला. "बाबा, बैल तुमी नाय आनला. गोळीनं आनला. डॉक्टरबाई बोलल्या ना? तुमच्यावर कायबी नाय. तो मानूस टेम्पो घेऊन येतोय. देऊन टाकू."

बाबांचं बोलणंही आता मंद झालं होतं, शब्द घोटाळत यायचे. ते म्हणाले, "आता मला त्याचं कायच वाटत नाय, खरं हाय. तवा त्याला बघितला ना जत्रेत, तर छातीत आसं झालं. आता सकाळी बघतंय तर नुस्ता बैल."

"तेच तर सांगतोय."

"गोळीनं आनला आसंल. पन दावं मी धरलं व्हतं."

भावानं गोठ्याकडे बघितलं.

"त्याला ठावं नाय गोळीचं," बाबा पुढे म्हणाले. "त्याला मी आनला. शर्यतीवाल्याला नको देऊ. ते मारतात, शेपटी पिरगाळतात. मीबी पिरगाळली दोनदा. र्‍हाऊ दे त्याला हितंच."

"चारापानी कोन करनार? तुमाला उभं र्‍हावत नाय."

"जेवडं व्हईल तेवडं करीन. बाकीचं तुमी करा. नाय जमलं तर मंग विका." आणि थोडं थांबून, "तुझी गाडी मी दिली, ते बराबर नाय केलं. ते गोळीच्या नावावर नको टाकू."

भाऊ उठून घरात गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो म्हणाला, "मीबी त्या दिशी बोललो ते बराबर नव्हतं." बाबांनी मान हलवली. तेवढंच. टेम्पो घेऊन आलेल्या माणसाला आईनं चहा दिला आणि तो रिकामा परत गेला. त्याला फुकटची फेरी पडली म्हणून कुरकुरत होता, ते साहजिकच होतं.

मी त्या दिवशी शहापूरला परतताना खूप विचार केला. ज्या माणसाला बैल हवा होता तो गोळीनं घडवलेला होता, असं धरलं. मग बैल नको असतानाही त्याला ठेवणारा माणूस कुणी घडवला? एसटीनं असेल. आजोबांनी असेल. गाडीत बसवलेलं माणूस ठिकाणावर पोचवायचं, हे इतकी वर्षं रोज केल्यानं असेल. कारणं शोधायला बसलं तर त्यालाही सापडतील. पण त्या ओसरीवर त्यांना मी प्रत्यक्ष पाहिलं होतं, हवेपणाची कुठलीच ओढ मागे नसताना, अडखळत, एकेक शब्द जुळवत. जन्मात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी ठरवलं असं मला वाटलं. मला तसं वाटायलाही काही कारण असेलच.

खोंड घरी राहिला. भाऊ पाळीच्या आधी त्याला वैरण टाकायचा, आई पाणी दाखवायची, बाबा दुपारी काठी टेकत जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. शर्यतीचा बैल नांगराला लावायचा म्हणजे सोपं नसतं, पण शेजाऱ्याचा एक जुना, समंजस बैल होता, त्याच्या जोडीला लावून लावून तो शिकला. त्या वर्षी आमच्या दोन खाचरांची चिखलणी त्यानं केली. बाकीची नेहमीप्रमाणे ट्रॅक्टरनं. भावानं पुढे जुनी मोटारसायकल घेतली. त्याचं लग्नही झालं, आणि पाहुण्यांना बैल दाखवायचं काम आता तोच करतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा कल्याणला गेलो. या वेळी आईही आली होती. बाबांचं अंग फार आखडलं होतं, पानातला घास तोंडापर्यंत न्यायला वेळ लागत होता. बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "बाबा, गोळी थोडी वाढवता येईल. अंग मोकळं होईल. पण मागचा तो त्रास परत येऊ शकतो. या वेळी घरच्यांनी लक्ष ठेवायचं, काही दिसलं तर लगेच मला सांगायचं. वाढवू की नको, तुम्ही सांगा."

आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत होतो. भाऊ काहीतरी बोलणार होता, मी त्याच्या दंडाला हात लावला. बाबांनी आधी आपल्या थरथरणाऱ्या हाताकडे बघितलं, मग आईकडे. आई जमिनीकडे बघत होती. तिनं काही सुचवलं नाही, मानही हलवली नाही.

"अर्धी वाढवा," बाबा म्हणाले. "पुरी नको."

बाहेर आल्यावर दवाखान्याच्या पायऱ्या उतरायला आम्हांला वेळ लागला. शेवटच्या पायरीवर ते दमले म्हणून बाकावर बसवलं. आईनं त्यांच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावलं आणि विचारलं, "आर्धीच का सांगितली?"

"ठावं नाय," ते म्हणाले. "तसं वाटलं."

आईनं आणखी काही विचारलं नाही. भाऊ रिक्षा बघायला गेला होता. तो रिक्षा घेऊन आला तसं आम्ही दोघींनी त्यांना एकेका बाजूनं धरून उठवलं.